शिक्का किनुए-सानचा, पाईप भलत्याचेच

१९९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये गुजोच्या डोंगरातला एक पोस्टमन माझ्या गॅरेजात आला आणि कापडात बांधलेलं एक गाठोडं त्यानं टेबलावर आदळलं. मिनोशिमा त्याचं नाव. सकाळच्या गाडीनं निघून तीनदा गाड्या बदलून तो आमच्या शिरोकोला पोचला होता. स्टेशनवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की हेडरची माहिती हवी असेल तर शर्यतीच्या सर्किटकडच्या रस्त्यावर मिझुतानीचं गॅरेज आहे, तिथं जा.

त्यानं गाठ सोडली. आत एक हेडर होता. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळालेला धूर बाहेर नेणारे चार वाकडे पाईप असतात, आमच्याकडे त्यांना सगळे 'ताकोआशी' म्हणतात, ऑक्टोपसचे पाय. हे चार पाय जिथं एका पायपात येऊन मिळतात तो सांधा म्हणजे कलेक्टर. या हेडरचा कलेक्टर बोटभर फाटला होता आणि भोवतीचा पत्रा निळाकाळा पडला होता.

"घाटात फाटला," मिनोशिमा म्हणाला. "बायको शेजारी बसलेली. आतला जाळ थेट वायरिंगवर. बॉनेटखालून धूर यायला लागला तेव्हा आम्ही खाली उतरून पळालो. आता मला एवढंच सांगा, ही किनु कोण?"

हेडर इंजिनाला जिथं बोल्टांनी जोडतात त्या पट्टीवर, फ्लँजवर, एक छोटा शिक्का होता. 'किनु', म्हणजे रेशीम, एवढं एकच अक्षर. तो शिक्का कुणाचा हे शिरोकोत शेंबडं पोरही सांगेल. मी हेडर बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला आणि तिथं काम करणाऱ्या कुमाझावा किनुए-सानना निरोप ठेवला.

पाळी सुटल्यावर त्या सायकलवरून आल्या. बावन्न वर्षांच्या, बुटक्या, कपाळावर वेल्डिंगच्या मुखवट्याचा वळ. मिनोशिमा उभा राहिला, वाकला, आणि मग राहवलं नाही म्हणून बोललाच, "तुम्ही माझ्या बायकोला जाळलं असतं."

किनुए-सान टेबलाजवळ आल्या. हेडर उचलला, उजेडाकडे धरला आणि फाटलेल्या जागेतून आत बघितलं. मग खिशातून सुतळी काढून एकेका पायाची लांबी मोजली. मोजता मोजता त्यांचे कान लाल होत गेले.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या.

"शिक्का तुमचाच आहे ना?"

"शिक्का माझाच आहे. काम माझं नाही. हे बघा, पहिला पाय आणि तिसरा पाय यांत अकरा सेंटीमीटरचा फरक. आणि हा कलेक्टर नव्हेच, हा डबा आहे. चार पाईप डब्यात खुपसलेत आणि मधल्या भोकावर पत्र्याचा तुकडा डकवलाय. आतून वेल्ड बघा. साखर सांडल्यासारखा खरखरीत. वेल्ड करताना आतून गॅस भरायचा असतो, तो भरलाच नाही. असा सांधा तापून गार होऊन फाटणारच."

मिनोशिमानं पिशवीतून एक मासिक काढलं आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. 'पाच हेडरांची तुलना'. पहिल्या क्रमांकावर हाच हेडर, हेच मॉडेल, आणि शेजारी उभ्या चिरलेल्या कलेक्टरचा फोटो. चार पाईप अगदी गुळगुळीत वळण घेत एकमेकांत मिसळलेले.

"हा माझा," किनुए-सान त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या.

"म्हणजे फोटोतला तुमचा आणि मी विकत घेतला तो तुमचा नाही? बाई, मी पोस्टमन आहे, मूर्ख नाही."

हे मात्र त्यांना झोंबलं.  हेडर त्यांनी हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही चिडलात ते बरोबर आहे. हा इथं राहू दे. उद्या मी विचारते."

त्या बाईला खोटारडी म्हणणं किती चुकीचं होतं, हे कळायला त्या कोण होत्या ते सांगायला हवं.

किनुए-सानचे वडील किमोनोच्या कापडावर नक्षी छापायचे कागदी साचे कोरत. काकी नावाच्या फळाच्या रसात भिजवून कडक केलेला कागद, आणि त्यावर केसाएवढ्या रेघा. शिरोकोत हे काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं. मग किमोनो नेसणारेच कमी झाले आणि वडिलांच्या पाटावर धूळ बसायला लागली. एकोणिसाव्या वर्षी किनुए-सान पायपाच्या कंपनीत लागल्या. काम काय, तर चहा द्यायचा आणि फायली लावायच्या. पुढच्याच वर्षी सर्किट सुरू झालं आणि सायकलींची हँडलं वाकवणारी कंपनी शर्यतीच्या गाड्यांचे हेडर बनवायला लागली.

कलेक्टर जमेना. चार गोल पाईप तिरपे कापून एकमेकांना असे भिडवायचे, की आत कुठं धार नको, फट नको. कारागीर अंदाजानं कापायचे, कानस मारायचे, फेकून द्यायचे. चहा घेऊन गेलेली ही मुलगी एक दिवस म्हणाली, "मी कागद कापून देऊ?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांच्या कागदाचे चार तुकडे आणले. ते पायपाला गुंडाळले, कडेनं रेघ मारली, रेघेवर कापलं, आणि चारही पाईप एकमेकांत असे बसले की मध्ये ब्लेडचं पातं शिरेना. तीन वर्षांनी तिच्या हातात वेल्डिंगची टॉर्च आली. बाईच्या हातात टॉर्च नको म्हणून दोघा कारागिरांनी बसायच्या जागा बदलून घेतल्या होत्या. पुढे तेच दोघं तिच्याकडून कागद मागून न्यायचे.

हेडरवर त्या बोलायला लागल्या की जेवण गार व्हायचं. चार पाय एकदम एकात मिळवले, तर इंजिन वरच्या फेऱ्यांना, म्हणजे खूप वेगानं फिरताना, जोर धरतं, खाली मात्र आळसावतं. आधी एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या लावल्या, मग त्या दोन जोड्या एकत्र आणल्या, तर मधल्या फेऱ्यांना गाडी दम धरून ओढते. पाय सारख्या लांबीचे असले, तर एकाचा धूर जाता जाता दुसऱ्याच्या धुराला मागून ओढून नेतो. कलेक्टरचा गळा किती अरुंद ठेवायचा, यावर त्यांची सहा वर्षं गेली होती. मिलिमीटर मिलिमीटर करत. १९७८ साली कंपनीच्या जुन्या मालकांनी त्यांच्यासाठी तो शिक्का करवून घेतला. मालक वारले, मुलगा गादीवर आला, त्यानं विक्रीखात्याचा बुचो, म्हणजे प्रमुख, म्हणून हिराइवा नावाचा माणूस आणला. तेव्हापासून किनुए-सान कोपऱ्यातल्या बाकावर शर्यतवाल्या संघांसाठी महिन्याला सहा हेडर करत. दुकानांत जाणाऱ्या मालावर काय ठोकलं जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या फाटका हेडर घेऊन हिराइवाच्या केबिनमध्ये गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला शब्दाला शब्द सांगितलं.

"हिराइवा-बुचो, यावर माझा शिक्का कुणी मारला?"

"बसा ना किनुए-सान. चहा सांगतो."

"चहा नको. मासिकाला कुठला हेडर पाठवला?"

"तुमचाच. उत्तमातला उत्तम. नमुना म्हणजे तो उत्तमच असायला हवा."

"आणि दुकानात?"

"दुकानात दुकानाचा माल. त्या एका लेखानंतर चौदाशे ऑर्डरी आल्या. तुम्ही महिन्याला सहा करता. हिशोब तुम्हीच करा."

"मग चौदाशेंवर वेगळं नाव घाला. माझं नको."

हिराइवा हसला म्हणे. "नाव तुमच्या आईवडिलांनी दिलं असेल. शिक्का कंपनीचा आहे." आणि वर म्हणाला, "नव्या वर्षात तुम्हाला तांत्रिक सल्लागार करायचा विचार आहे. छान टेबल मिळेल, खिडकीजवळ."

खिडकीजवळचं टेबल! घाटात जळता जळता वाचलेल्या माणसाच्या बदल्यात खिडकी! मला हे ऐकून जेवण गेलं नाही. किनुए-सान मात्र भरपेट जेवल्या, ताटलीतला पोर्कचा जाड तुकडा शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि म्हणाल्या, "मिझुतानी-कुन, गुरुवारी नागोयाला जाऊ. तुझा ट्रक काढ."

मासिकाचं ऑफिस तिथं होतं. त्सुगे नावाचा संपादक, गोड बोलणारा. त्यानं सगळे प्रश्न मला विचारले. "पायपाचा व्यास किती ठेवता?" मी किनुए-सानकडे बघायचो, त्या उत्तर द्यायच्या, आणि पुढचा प्रश्न तो पुन्हा मलाच विचारायचा. शेवटी त्यांनी हात टेबलावर ठेवला.

"त्सुगे-सान, इकडे बघून बोला. हेडर मी करते, हा फक्त ट्रक चालवतो."

मग त्यानं जे सांगितलं ते सांगताना त्याला लाजसुद्धा वाटली नाही. नमुने कंपन्यांकडूनच येतात. पाचही हेडर एका दुपारी चार तासांत तपासले. इंजिन गार होऊ दिलं नाही. हेडर बदलला की पेट्रोल-हवेचं प्रमाणही नव्यानं जुळवावं लागतं, ते फक्त एका हेडरसाठी जुळवलं, कारण त्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन तिथं हजर होता. कुठल्या कंपनीचा, हे मी विचारलं नाही. लेखाच्या पुढच्या चार रंगीत पानांवर किनुए-सानच्याच कंपनीची जाहिरात होती.

"मग ही तुलना कशी झाली?" किनुए-साननी विचारलं.

"वाचक तुलना वाचत नाहीत हो," तो म्हणाला, "पहिला नंबर कुणाचा तेवढंच बघतात."

"तुमचा एक वाचक पोस्टमन आहे. त्यानं सगळं वाचलं, दोनदा. आणि तुमच्यावर विश्वास ठेवून घाट चढला."

त्सुगे घड्याळ बघायला लागला.

 येताना योक्काइची आलं तशा किनुए-सान म्हणाल्या, "थांबव इथं." सुट्या भागांच्या मोठ्या दुकानात गेल्या आणि लेखातल्या पाचही हेडरांचे खोके त्यांनी काउंटरवरून विकत घेतले. पावती स्वतःच्या नावानं, तारखेसकट.

"यांची तुलना मी करते," त्या म्हणाल्या. "दुकानात मिळतो तोच माल घेऊन. तुझ्याकडे यंत्र आहे."

माझ्याकडे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून तिची ताकद मोजायचं यंत्र होतं. गाडी हवी होती. मी मिनोशिमाला फोन केला. तो म्हणाला, "वायरिंग नवीन घातलंय. घेऊन येतो. पण प्रत्येक हेडर बसवताना मी तिथं उभा राहणार."

"उभे राहा," किनुए-सान माझ्या शेजारून ओरडल्या, "आणि लिहूनही घ्या!"

त्यांनी पाचही कंपन्यांना पत्रं पाठवली: या, बघा, आपला हेडर आपल्या हातानं बसवा. चौघांनी उत्तर दिलं नाही. आला एकटा हामामात्सुचा तेरादा, सत्तरीचा म्हातारा, स्वतःच्या शेडमध्ये चार-पाय-एकात धाटणीचे हेडर करणारा. लेखात त्याचा नंबर चौथा होता. आल्या आल्या माझ्यावर डाफरला, "यंत्र कधी तपासून घेतलंस? कागद दाखव." मी दाखवला. त्यानं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

दोन रविवार लागले. प्रत्येक हेडरनंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. प्रत्येकासाठी पेट्रोल-हवा नव्यानं जुळवायची. प्रत्येकाच्या पाच चाचण्या, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडून द्यायचा. हे नियम किनुए-सानचे. मिनोशिमा वहीत आकडे लिहीत होता, पोस्टातल्या सुबक अक्षरात. तेरादा खुर्ची टाकून बसला होता, दर चाचणीनंतर मान हलवत.

कंपनीचा तो डबा पाचांत पाचवा आला. नुसता पाचवा नव्हे. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली तर गाडीसोबत कारखान्यातून येणारा बिडाचा मूळ भागही त्याला भारी पडला. लोकांनी ऐंशी हजार येन मोजून गाडी मंद करून घेतली होती. आणि जाळाचा धोका वेगळाच.

शेवटी त्यांनी स्वतःच्या हातचा एक हेडर लावला. मधल्या फेऱ्यांना तो सगळ्यांच्या पुढे निघाला, बराच पुढे. पण सहा हजार आठशेच्या वर तेरादाच्या हेडरनं त्याला चार अश्वशक्तीनं मागं टाकलं. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अजून एक चाचणी घेऊ या का? इंजिन जरा तापलेलं असेल."

त्या माझ्यावर एवढ्या कडाडल्या, की मिनोशिमाच्या हातून पेन पडलं. "आणि मग हिराइवात आणि माझ्यात फरक काय राहिला? मिनोशिमा-सान, लिहा! तेरादा-सान वर, मी खाली. आणि माझा हेडर क्रमांकात धरू नका. तो दुकानात मिळत नाही."

तेरादा उठून त्यांच्या हेडरजवळ गेला, कलेक्टरच्या गळ्यात बोट घालून फिरवलं. "शर्यतीत मी माझा लावीन," तो म्हणाला, "पण घाट चढायचा असेल तर मला हा पाहिजे. माझ्या नातवाच्या गाडीला एक करून द्याल?"

"देईन. पण रांगेत थांबावं लागेल."

त्याच आठवड्यात त्यांनी पाचही कलेक्टर मधोमध उभे चिरले आणि एका फळीवर ठोकले. प्रत्येकाखाली नाव, पावतीची तारीख, आकडे. फळी माझ्या गॅरेजाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून. त्या शनिवार-रविवारी सर्किटवर शर्यत होती. माणसं बघायला थांबायची. आधी हसायची, मग कंपनीच्या चिरलेल्या डब्यापाशी येऊन वाकून आत बघायची. दोघांनी तिथल्या तिथं आपल्या गाडीचं बॉनेट उघडून बघितलं. एक दुकानदार आला आणि हात जोडून म्हणाला, फळी काढा, माझा माल पडून राहील. किनुए-सान त्याला म्हणाल्या, "माल परत पाठव कंपनीला. तुलाही फसवलंय."

कंपनीनं काय केलं? कारखान्याबाहेरच्या गोदामात खोके चिकटवायच्या कामावर त्यांची बदली केली. जवळजवळ तीस वर्षं टॉर्च धरलेले हात, त्यांना चिकटपट्टी! वर एक पत्र, की तुम्ही कंपनीच्या विश्वासाला तडा दिलात. विश्वासाला तडा! कलेक्टरला तडा कुणी दिला ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. कामगारांपैकी एकजणही बोलला नाही. मी त्यांना भेकड म्हणतो तेव्हा किनुए-सान मला गप्प करतात, "त्यांची लेकरं शाळेत आहेत रे." मला ते अजून पटलेलं नाही.

त्यांनी अकरा दिवस खोके चिकटवले आणि बाराव्या दिवशी राजीनामा दिला. निवृत्तीच्या पुऱ्या रकमेला तीन वर्षं उरली होती.

लढाई पुढे नेली ती मिनोशिमानं. त्यानं मासिकाच्या वाचकांच्या पानावरून पत्ते गोळा केले, हेडर घेतलेल्यांना पत्रं लिहिली, उत्तरं मागवली. दोनशे बारा आली. त्यातल्या एकतीस जणांचे कलेक्टर फाटलेले होते. तो गठ्ठा त्यानं ग्राहक कार्यालयात स्वतः नेऊन दिला, पोस्टानं पाठवला नाही. म्हणाला, पोचपावती समोर बसून घेणार. वसंत ऋतूत कंपनीनं त्या दोनशे बारा जणांना कलेक्टर बदलून दिले. बाकीच्यांनी तक्रार केली नव्हती, म्हणून त्यांना काही नाही. शिक्का आठ महिन्यांनी बंद झाला, तोही माल संपला म्हणून. मासिकानं टायरच्या जाहिरातीखाली तीन ओळींचा खुलासा छापला, की "नमुना व विक्रीचा माल यांत किंचित फरक असू शकतो." किंचित! हिराइवा दोन वर्षांनी संचालक झाला.

किनुए-सान आता घरामागच्या शेडमध्ये हेडर करतात. महिन्याला चार. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतात, गाडी कुठं चालवणार? कुणी नुसतं "ताकद वाढवा" म्हणालं, तर त्याला बसवून दोन्ही धाटणीचे कलेक्टर हातात देतात, फरक समजावतात, आणि वरच्या फेऱ्यांचा शौकीन असेल तर सरळ तेरादाचा पत्ता देतात. मिनोशिमाच्या गाडीचा हेडर त्यांनी केला. तो तेव्हा वाकून म्हणाला होता, "त्या दिवशी मी वाईट बोललो." त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर हेडर फेकून मारला असता."

गेल्या जानेवारीत मी त्यांना गाड्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला घेऊन गेलो. कंपनीच्या दालनात दाराएवढा फोटो लावला होता. टॉर्च धरलेले दोन हात, खाली लिहिलेलं, 'आमच्या हाताची परंपरा'. हात किनुए-सानचे. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग मी ओळखला. नाव कुठंही नव्हतं.

मी आवाज चढवणार होतो. त्यांनी मला बाजूला केलं आणि काउंटरवरच्या मुलीला शांतपणे म्हणाल्या, "हा फोटो माझा आहे. न विचारता लावलाय. काढायला सांगा."

ती मुलगी पुन्हा पुन्हा वाकून माफी मागायला लागली. "तुमची चूक नाही," किनुए-सान म्हणाल्या, "तुम्ही फक्त मोठ्या माणसांना बोलवा. मी बसते." आणि त्या फोटोसमोरच खुर्ची ओढून बसल्या. दोन तास. मी ओनिगिरी, भाताची मूद, आणून दिली, ती तिथंच खाल्ली. येणारे-जाणारे एकदा फोटोकडे बघायचे, एकदा त्यांच्या हातांकडे, आणि थांबून विचारायचे. त्या प्रत्येकाला सगळं सांगत होत्या, तारखांसकट.

तिसऱ्या तासाला सूट घातलेले दोघं शिडी घेऊन आले.

"खालचे स्क्रू आधी काढा," किनुए-सान त्यांना म्हणाल्या, "नाहीतर डोक्यावर पडेल."